माळ्यावरचं मशीन खाली काढा

दुपारची आवराआवर झाली असेल, थोडं टेकला असाल, तर पुढची काही मिनिटं कान इकडे द्या. आज बोलायचं आहे शिवणकामावर. तेही नव्या कोऱ्या मशीनवरच्या नाही, तर आपल्या घरात, माहेरी किंवा शेजारी माळ्यावर धूळ खात पडलेल्या जुन्या काळ्या मशीनवरच्या शिवणकामावर.

बचत गटाच्या बैठकीत शिवणाचा विषय निघाला की बहुतेक जणी पहिल्यांदा कर्जाचं बोलतात. "मशीन घ्यायला पैसे पाहिजेत." मग कोणी गटातून उचल घेते, कोणी आठवड्याच्या हप्त्यावर पैसे देणाऱ्या कंपनीकडे जाते. मशीन घरात येतं, पण गिऱ्हाईक अजून आलेलं नसतं आणि हप्ता मात्र दर आठवड्याला दारात उभा राहतो. म्हणून आज उलटीकडून सुरुवात करू. आधी जुनं मशीन, मग छोटं काम, मग दर, मग हिशेब आणि सगळ्यात शेवटी कर्ज.

जुनं मशीन म्हणजे टाकाऊ नाही

आयझॅक सिंगर यांनी अमेरिकेत आपल्या मशीनचं पेटंट घेतलं ते १८५१ साली. त्यानंतर काही दशकांतच ही मशीनं आपल्या देशात शिंप्यांच्या दुकानात दिसू लागली. १९३०च्या दशकात कोलकात्यात 'उषा' मशीन बनायला लागलं आणि पुढे ते लग्नाच्या रुखवतातही आलं. महात्मा गांधींचा यंत्रांना विरोध होता असं आपण ऐकतो. पण १९२४ साली एका बोलण्यात त्यांनी शिलाई मशीनचा अपवाद केला होता. बाईच्या हाताचे कष्ट हलके करणारं हे यंत्र त्यांना उपयोगाचं वाटत होतं.

ही जुनी मशीनं ओतीव लोखंडाची. आत प्लास्टिकची चाकं नाहीत, सर्किट नाही. पायाने चालतं म्हणून लाईट गेली तरी काम थांबत नाही. सुई, बॉबिन, पट्टा, शटल असे सुटे भाग आजही तालुक्याच्या गावी मिळतात. म्हणून असं मशीन भंगारवाल्याला किलोवर देऊ नका. आधी तपासा.

मात्र त्याची मर्यादाही माहीत असू द्या. हे मशीन फक्त सरळ टीप घालतं. पिको, इंटरलॉक, काज ही कामं त्यावर होत नाहीत. टी-शर्ट, लेगिंग यांसारख्या ताणल्या जाणाऱ्या कापडाची सरळ टीप ओढल्यावर तुटते. सुती, खण, पॉपलीन, टेरिकॉट, पँटचं कापड, गोधडी, पिशव्या आणि जपून केली तर जीनसुद्धा, हे सगळं मात्र ते नीट शिवतं. गावातल्या दुरुस्तीच्या कामांतली बरीचशी कामं यातच बसतात.

घेताना काय बघायचं

घरचं मशीन असो की कोणाकडून विकत घ्यायचं असो, तपासणी सारखीच करायची.

पहिलं, चाक हाताने फिरवा. जड चालत असेल तर घाबरू नका, वर्षानुवर्षांचं तेल आत वाळून चिकट झालेलं असतं. ते साफ होतं. पण चाक एका जागी खटकन अडत असेल, तर आत काही वाकलं किंवा तुटलं असण्याची शक्यता आहे.

दुसरं, सुई ज्या दांड्याला लागते तो दांडा दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवून बघा. खूप डुगडुगत असेल तर तो झिजला आहे. असं मशीन टाके गाळतं आणि त्याची दुरुस्ती महाग पडते.

तिसरं, मशीन आडवं करून खालून बघा. वरवरचा तांबूस गंज चालतो, पापुद्रे सुटलेला गंज चालत नाही.

चौथं, बॉबिन केस आणि शटल बाहेर काढून बघा. शटलचं टोक गुळगुळीत हवं. तिथे नखाला खरखर लागली की दोरा तुटणारच. हा भाग मात्र बदलता येतो, म्हणून किंमत ठरवताना तेवढे पैसे कमी करून मागा.

पाचवं आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपलं कापड बरोबर न्या. एक सुती तुकडा दोन पदरी, एक जाड कापड चार पदरी. दोन्हींवर हातभर टीप मारून बघा. वरून आणि खालून टाके सारखे आले, तर मशीन घ्यायला हरकत नाही. विकणाऱ्याच्या बोलण्यापेक्षा त्या टिपेवर विश्वास ठेवा.

घेतल्यावर मशीनवर कोरलेला नंबर आपल्या वहीत लिहून ठेवा. पावती घ्या, आणि ती आपल्या स्वतःच्या नावाने घ्या. उद्या घरात वाटणी झाली किंवा वाद झाला, तर मशीन कोणाचं हा प्रश्न उरत नाही.

मशीन चालू करणं

बंद पडलेल्या मशीनला प्रथम कोरड्या फडक्याने आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने पुसून घ्या. दात्यांखाली, म्हणजे कापड पुढे सरकवणाऱ्या त्या खाचदार पट्टीखाली, कापसाचा गठ्ठा जमलेला असतो. तिथली पत्र्याची पट्टी स्क्रू काढून सोडवा आणि तो काढून टाका.

चाक फारच जड असेल तर तेलाच्या भोकांत रॉकेलचे चार-चार थेंब सोडतात, चाक फिरवतात आणि काळं पाणी पुसून घेतात. हे करायचं तर अंगणात, चुलीपासून आणि गॅसपासून लांब. रॉकेल हे फक्त धुण्यापुरतं, ते वंगण नाही. ते पुसून झालं की लगेच मशीनचं तेल घालायलाच हवं, नाहीतर लोखंड लोखंडावर घासतं.

तेल फक्त शिलाई मशीनचंच, ते पाण्यासारखं पातळ आणि पांढरं असतं. खोबरेल थंडीत गोठतं, गोडं तेल वाळून चिकट होतं. ज्या मशीनला घरातलं तेल घातलं, ते काही दिवस हलकं चालतं आणि मग जाम होतं. रोज तीन-चार तास काम असेल तर आठवड्यातून एकदा प्रत्येक भोकात एक-दोन थेंब पुरे. तेल घातल्यावर रद्दी कापडावर पाच मिनिटं टीप मारा, म्हणजे जास्तीचं तेल तिथे उतरेल आणि गिऱ्हाइकाच्या कपड्याला डाग पडणार नाही.

पट्टा सैल झाला असेल तर नवा लगेच घेऊ नका. चामड्याचा पट्टा वापराने ताणतो. त्याची तार काढून अर्धा-पाऊण इंच कापायचा, पुन्हा भोक पाडून तार अडकवायची. पट्टा फार घट्ट केला तर पाय दुखतात, म्हणून थोडं थोडंच कापा.

मशीन काय सांगतं ते ओळखा

बिघाड झाला की मिस्त्रीला बोलवायच्या आधी पाच गोष्टी बघा.

कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे फास दिसत असतील, तर चूक बहुतेक वर असते. वरचा दोरा सैल आहे किंवा टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसलेलाच नाही. मशीनचा पाय वर उचलून दोरा पुन्हा ओवा. पाय खाली असताना ओवला तर तो चकत्यांच्या आत शिरत नाही.

खालचा बॉबिनचा दोरा वर दिसत असेल, तर वरचं टेन्शन जास्त झालं आहे. ते थोडं सैल करा.

टाके गळत असतील तर सुई बघा. सुई वाकली आहे, बोथट झाली आहे किंवा उलटी बसली आहे. सुईच्या वरच्या भागाला एक बाजू चपटी असते. जुनी सुई काढायच्या आधी चपटी बाजू कुठे होती ते बघून ठेवा आणि नवी तशीच, पूर्ण वरपर्यंत सारून बसवा. सुईला एका बाजूने लांब खाच असते, दोरा त्या खाचेच्या बाजूने ओवायचा.

दोरा सारखा तुटत असेल तर दोरा जुना किंवा हलका असेल, टेन्शन जास्त असेल किंवा सुईचं नाक खरखरीत झालं असेल.

कापड पुढे सरकत नसेल तर दात्यांमध्ये कापूस अडकला आहे किंवा टाक्याचा खटका शून्यावर गेला आहे.

सुईचा नंबरही कापडाप्रमाणे बदला. तलम रेशमाला ११, रोजच्या सुती आणि पॉपलीनला १४, पँटच्या कापडाला १६, जीनला १६ किंवा १८. एकच सुई वर्षभर चालवू नका. बोथट सुई रेशमाचे धागे ओढते आणि कोणाच्या तरी लग्नातल्या साडीचा ब्लाऊज कायमचा बिघडतो. सुई मिळते काही रुपयांना, तो ब्लाऊज मात्र पुन्हा आणता येत नाही.

सुरुवात नव्या कपड्यांनी नको, दुरुस्तीने करा

नवा ब्लाऊज शिवायचा तर कटिंग यावं लागतं आणि कापड बिघडलं तर भरून द्यावं लागतं. दुरुस्तीच्या कामात धोका कमी, वेळ कमी आणि पैसे त्याच दिवशी. शिवाय दुसऱ्याचं शिवण उसवताना आपण आपोआप शिकतो. मुंढा कसा बसवला, टक्स कुठे घेतले, पट्टी कशी लावली, हे कपडाच आपल्याला दाखवतो.

सगळ्यात जास्त येणारं काम म्हणजे ब्लाऊज सैल करणं. इथे आपल्या शिवणातला एक सुंदर शब्द कामाला येतो. शिवणीच्या आत जादा सोडलेल्या कापडाला आपण 'माया' म्हणतो. ब्लाऊज हातात आला की पहिल्यांदा उलटा करून माया किती आहे ते बघा. माया नसेल तर ब्लाऊज सैल होणार नाही, आणि हे काम घेतानाच सांगायचं.

हिशेब असा. ब्लाऊजला दोन बाजूंनी दोन शिवणी असतात. प्रत्येक शिवणीत पुढचा आणि मागचा असे दोन पदर. म्हणजे कापडाच्या चार कडा झाल्या. टीप पाव इंच बाहेर सरकवली तर चारही कडांना पाव-पाव इंच मिळून एकूण घेर एक इंच वाढतो. अर्धा इंच सरकवली तर दोन इंच. गिऱ्हाईक म्हणालं "दोन इंच सैल करा", तर टीप दोन इंच नाही, अर्धा इंचच बाहेर न्यायची. हे लक्षात ठेवलं की अंदाजाने काम होत नाही.

नवी टीप बाहीच्या काठापासून काखेतून खाली कमरेपर्यंत एकसंध घाला. आधी नवी टीप मारा, आणि मगच जुनी उसवा. म्हणजे कपडा हातात सुटा होत नाही आणि काख सरकत नाही. घट्ट करायचा असेल तर आतून नवी टीप मारा, पण जादा कापड कापू नका. माया राहू द्या. आज बारीक असलेली मुलगी उद्या बाळंतीण होईल, तोच ब्लाऊज घेऊन परत तुमच्याकडेच येईल.

रेशमी आणि खणाच्या ब्लाऊजला एक गोष्ट आधीच सांगून ठेवायची. टीप उसवल्यावर जुन्या टाक्यांची बारीक भोकं दिसतात आणि आतलं कापड बाहेरच्यापेक्षा गडद निघतं. आधी सांगितलं तर ती माहिती असते, नंतर सांगितलं तर भांडण होतं.

दुसरं काम शाळेच्या गणवेशाचं. वाढत्या वयाच्या मुलांच्या पँटला, झग्याला खाली दोन इंच दुमड आत ठेवा. पुढच्या जूनमध्ये ती सोडायची. पँट आखूड करायला आली तर विचारा, एकदा धुतली आहे का? सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. आधी आखूड केली आणि मग आटली, तर दोष आपल्यावर येतो.

जीनच्या पँटला खालच्या काठाशी बाजूची जाड शिवण येते. तिथे पायडल मारू नका. चाक हाताने फिरवून एकेक टाका घ्या, सुई वाचते.

तिसरं काम साडीला फॉल लावायचं. फॉल आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. कोरा फॉल लावला तर पहिल्या धुण्यात तो आटतो आणि साडीच्या काठाला चुण्या पडतात. फॉल हाताने लावायचं काम आहे, मशीनवर वेळ वाचतो पण काठावर टीप दिसते. पिकोसाठी मात्र वेगळं मशीन लागतं. गटात एकीने पिकोचं घ्यावं, बाकीच्यांनी सरळ टिपेची कामं करावीत आणि पिकोची कामं तिच्याकडे द्यावीत. गावात पाच जणींनी पाच पिको मशीनं घेतली, तर पाचही मशीनं अर्धा दिवस बसून राहतात.

याशिवाय चेन बदलणं, हूक लावणं, परकर, उशांचे अभ्रे, बाजाराच्या पिशव्या, जुन्या साड्यांच्या गोधड्या, अशी कामं वर्षभर चालतात. जूनमध्ये शाळा, मग गौरी-गणपती, दिवाळी, संक्रांत आणि पुढे लग्नसराई. पावसात काम मंद असतं, त्या दिवसांत पिशव्या आणि गोधड्या शिवून ठेवा.

दर कसा ठरवायचा

आता कळीचा मुद्दा. आपल्यातल्या कितीतरी जणी दर असा ठरवतात की "शेजारणीला वाईट वाटू नये". मग पाच-दहा रुपयांत अर्धा तास जातो आणि डोळे दुखतात ते वेगळेच. दर मनाने नाही, हिशेबाने ठरवायचा. एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी आहेत, तुम्ही तुमच्या गावचे घाला.

समजा जुनं मशीन चार हजाराला घेतलं आणि दुरुस्तीला आठशे गेले. झाले ४,८०० रुपये. ते चार वर्षांत, म्हणजे ४८ महिन्यांत वसूल करायचे तर महिन्याला १०० रुपये. तेल आणि किरकोळ दुरुस्ती ५०. दोरे, सुया, हूक २५०. इस्त्री आणि दिव्याची वीज ५०. एकूण महिन्याचा खर्च ४५० रुपये.

रोज तीन तास, महिन्याला पंचवीस दिवस काम केलं तर ७५ तास. ४५० ला ७५ ने भागलं की तासाला सहा रुपये खर्च येतो.

आता तुमची मजुरी. समजा तुमच्याकडे शेतात सहा तासांची बाईची रोजंदारी ३०० रुपये आहे. म्हणजे तासाला ५०. शिवणकाम हे कसबाचं काम आहे, त्याची मजुरी खुरपणीपेक्षा कमी कशी असेल? निदान तेवढी तरी धरा. ५० आणि ६ मिळून तासाला ५६ रुपये.

ब्लाऊज सैल करायला उसवणं, टीप आणि इस्त्री धरून अर्धा तास लागला, तर त्याचा दर २८ रुपये, म्हणजे ३० रुपये धरा. त्याखाली घेतलात तर तुम्ही स्वतःच्या खिशातून गिऱ्हाइकाला पैसे देत आहात. चेन, फॉल, अस्तर यांचे पैसे वेगळे.

हे करायचं तर आधी आठ दिवस घड्याळ लावून काम करा. कुठल्या कामाला किती मिनिटं लागतात ते लिहा. मग दरपत्रक एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात लिहून मशीनच्या वर भिंतीला लावा. तोंडाने पैसे मागायला जीव संकोचतो. भिंतीवरचा पुठ्ठा मात्र न लाजता सगळ्यांना एकच दर सांगतो, सरपंचबाईंना आणि शेजारच्या काकूंनाही.

जाऊबाई, नणंद, मावशी यांचं काय? नातं तोडायचं नाही, पण फुकटाची सवयही लावायची नाही. घरातल्यांचे कपडे महिन्यातला एक दिवस ठरवून करा. त्या दिवशी मोकळ्या मनाने करा, बाकीचे दिवस धंद्याचे. आणि ते फुकट केलेलं कामसुद्धा वहीत लिहा. महिनाअखेर घरच्यांना दाखवा, की इतक्या तासांचं काम घरासाठी झालं. नुसतं बसून मशीन चालवते असं म्हणणाऱ्यांना तो आकडा दिसू द्या.

वही आणि चिठ्ठी

कपडा घेताना चार गोष्टी करा. गिऱ्हाइकासमोर कपडा उलगडा आणि डाग, फाटलेलं काही असेल तर तिथेच दाखवा. माप अंगावरून घेण्यापेक्षा तिला नीट बसणारा दुसरा कपडा मागून घ्या. वहीत नाव, तारीख, काम, माप, दर, आगाऊ मिळालेले पैसे आणि न्यायची तारीख लिहा. आणि तोच नंबर चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी कपड्याला सेफ्टी पिनने लावा. लग्नसराईत दहा लाल ब्लाऊज एकदम आले की या चिठ्ठीची किंमत कळते.

ज्यांना लिहायला अवघड जातं त्यांनी मुलीची, सुनेची मदत घ्यावी किंवा खुणा कराव्यात. पण वही हवीच. छोट्या कामाला उधारी ठेवू नका, पैसे दिल्यावर कपडा, हा नियम सगळ्यांना एकच. मोबाईलवरून पैसे घेत असाल तर ते तुमच्या स्वतःच्या खात्यात यायला हवेत. नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खात्यात गेलेली कमाई बँकेला तुमची म्हणून दिसत नाही, आणि पुढे कर्ज मागायला गेलात तर दाखवायला काही उरत नाही.

मघाशी हिशेबात मशीनचे १०० आणि दुरुस्तीचे ५० धरले, ते दर महिन्याला वेगळ्या डब्यात किंवा गटाच्या बचतीत टाका. चार वर्षांनी नवं मशीन त्याच पैशातून येईल.

अंगाची काळजी

शिवणाचा धंदा बंद पडतो तो पुष्कळदा मशीनमुळे नाही, पाठीमुळे. बसायचं स्टूल एवढं उंच हवं की कोपर मशीनच्या फळीच्या पातळीत यावं. वाकून बसावं लागत असेल तर स्टुलावर गोधडीची घडी टाका. उजेड डाव्या बाजूने येऊ द्या, म्हणजे हाताची सावली सुईवर पडत नाही. काळ्या कापडाचं काम रात्री घेऊ नका. पाऊण तासाने उठा, पाणी प्या, चार पावलं चाला. तान्ही, रांगती मुलं घरात असतील तर पायडलच्या चाकावर आणि पट्ट्यावर लक्ष ठेवा, त्यात बोटं सापडतात.

कर्ज आणि योजना सगळ्यात शेवटी

सहा महिने वही नीट लिहिली, काम हाताबाहेर जाऊ लागलं, तर पिको किंवा इंटरलॉकचा विचार करा. तेव्हा कर्ज घ्यायला हरकत नाही, कारण हप्ता कशातून जाईल हे वहीत दिसतं.

पंतप्रधान विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्यातल्या अठरा व्यवसायांत शिंपीकामही आहे. योजनेत प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने पहिल्यांदा १ लाखापर्यंत, ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत कर्ज, असं ठरलेलं आहे. लाभ कुटुंबात एकालाच मिळतो, म्हणून घरात बोलूनच अर्ज कुणाच्या नावाने करायचा ते ठरवा. अर्ज सुरू आहेत का, कागद कोणते लागतात, हे ग्रामपंचायतीत आणि सामाईक सेवा केंद्रात विचारा. शिवणकाम शिकायचं असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते, तिथे गावातल्या तरुण-तरुणींना मोफत शिकवतात. 'उमेद'च्या गटात असाल तर तुमच्या ताईंना त्याबद्दल विचारा. धंद्याची 'उद्यम' नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, त्यासाठी कोणी मोठी रक्कम मागितली तर देऊ नका.

आणि सावध राहा. "मोफत शिलाई मशीन मिळेल, हा फॉर्म भरा" असे निरोप मोबाईलवर फिरत असतात. अशा निरोपावर आधार नंबर, बँकेचा नंबर, ओटीपी देऊ नका. नोंदणीचे म्हणून पैसे भरू नका. खरी योजना असेल तर ती ग्रामपंचायतीत किंवा पंचायत समितीत माहीत असतेच.

येत्या बैठकीत एवढं करा

मैत्रिणींनो, पुढच्या गटाच्या बैठकीत तीन प्रश्न विचारा. आपल्यापैकी कोणाकोणाच्या घरी जुनं मशीन बंद पडून आहे? कोणाला टीप चांगली मारता येते? आणि गावातली दुरुस्तीची कोणती कामं आज तालुक्याला जातात? तिन्हींची उत्तरं एका कागदावर लिहा. मग एका रविवारी सगळी मशीनं एका अंगणात आणा. फडकी, ब्रश, तेलाची एक बाटली, सुयांची एक पुडी, एवढं सामान पुरे. चार मशीनं आली तर त्यातली दोन-तीन त्याच दिवशी चालू होण्यासारखी असतात, आणि न चालणाऱ्या मशीनचे भाग चालणाऱ्याला उपयोगी पडतात.

मशीन चालू झालं की पहिली टीप आपल्याच घरातल्या जुन्या कपड्यावर मारा. हात बसला की पुठ्ठ्यावर दर लिहा आणि तो भिंतीला लावा. तुमच्या मशीनच्या, दराच्या किंवा हिशेबाच्या अडचणी असतील तर केंद्रावर फोन करून किंवा गटातर्फे चिठ्ठी पाठवून जरूर कळवा.